विनातिकीट प्रवासी

(काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी ठेवून मासे पाळले, की माशांबरोबर काही न बोलावलेले जीवही टाकीत येतात. त्यांना पाहून नवशिका माणूस घाबरतो आणि त्यांना मारायला धावतो. खरे पाहता त्यांतील बहुतेक जीव निरुपद्रवी असतात; काही तर फार उपयोगी असतात. त्यांना कसे ओळखावे आणि ओळख पटण्याआधी काय करू नये, हे या पाठात सांगितले आहे.)



पोलादपूरहून महाडला येणारी एसटी वाटेत थांबते. तिकीट तपासनीस गाडीत चढतात. ते प्रत्येकाला तिकीट विचारतात. आईच्या मांडीवर बसलेल्या लहान मुलाजवळ तिकीट नसते. पण तपासनीस त्याला दंड करत नाहीत. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, हे त्यांना ठाऊक असते. ‘तिकीट नाही म्हणजे गुन्हेगार’ असे ठरवून त्यांनी सगळ्यांनाच खाली उतरवले, तर केवढा अन्याय होईल! आधी चौकशी आणि मग निर्णय, हाच योग्य क्रम आहे.

समुद्राच्या पाण्याच्या टाकीतही असे विनातिकीट प्रवासी येतात. तेथे तपासनीस आपणच असतो. म्हणून चौकशी कशी करायची, हे आपल्याला शिकावे लागते.

खाऱ्या पाण्याची टाकी

समुद्रातील जीव समुद्रापासून दूर जिवंत ठेवणे पूर्वी फार अवघड होते. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीजवळ एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. पुढे त्या बाईंनी पाण्यात जिवंत समुद्रशेवाळ ठेवले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्या राज्यात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. आता तर काही हौशी लोक घरात आणि शाळेतही अशी छोटी टाकी ठेवतात.

महाड आणि पोलादपूर ही गावे समुद्रापासून आत आहेत. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. पोलादपूर व महाडवरून वाहत ती बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामध्ये अरबी समुद्राला मिळते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी महाडच्या परिसरापर्यंत चढते. मग हेच पाणी टाकीत का घालू नये? कारण त्याचा खारटपणा सारखा बदलतो. उन्हाळ्यात ते खारट असते, तर पावसाळ्यात जवळजवळ गोडे होते. टाकीतल्या जीवांना मात्र खारटपणा कायम सारखा लागतो. समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणून आपल्या भागात मत्स्यालयासाठी मिळणारे खास मीठ शुद्ध पाण्यात विरघळवून पाणी तयार करतात. स्वयंपाकाचे मीठ त्यासाठी चालत नाही. ते बहुतेक सगळे सोडियम क्लोराइडच असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात.

पाणी तयार झाले, तरी लगेच मासे सोडत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. अमोनिया माशांना घातक असतो. काही जीवाणू अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात. दुसरे जीवाणू नायट्राइटचे रूपांतर नायट्रेटमध्ये करतात. नायट्रेट त्यामानाने कमी घातक असते. हे जीवाणू दगडांवर व वाळूवर राहतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. वाढ लवकर व्हावी म्हणून एखाद्या जुन्या, चांगल्या चालणाऱ्या टाकीतला दगड नव्या टाकीत ठेवतात. हा दगड बहुधा सिमेंटचा किंवा भाजलेल्या मातीचा, म्हणजे माणसाने बनवलेला असतो.

प्रवासी येतात ते याच दगडावर बसून.

दगडावरचे गाव

जुना दगड दुरून ओबडधोबड दिसतो. जवळून पाहिले, तर तो एक गजबजलेले गावच असतो. त्याच्या फटीत किडे राहतात. खालच्या बाजूला स्पंज चिकटलेले असतात. वरच्या शेवाळावर गोगलगायी चरत असतात. शंख आणि शेवाळ यांच्याबरोबरही असे जीव येतात. टाकीत काय यावे यासाठी आपण कितीही शिकस्त केली, तरी या सर्वांना अडवता येत नाही. अडवण्याची गरजही नसते.

नवशिका माणूस मात्र रात्री दिवा लावतो. त्याला दगडाच्या फटीतून काहीतरी लांब, केसाळ असे बाहेर आलेले दिसते. तो दचकतो. तो दगड बाहेर काढतो आणि नळाखाली खसखसून धुतो. कोणी तर त्यावर उकळते पाणी ओततो. त्याला वाटते, टाकी स्वच्छ झाली. पुढे काय होते? गोड्या पाण्याने दगडावरचे उपयोगी जीवाणू मरतात. फटीत लपलेले किडे आणि स्पंजही मरतात. ते आतच कुजू लागतात. पाण्यातला अमोनिया वाढतो आणि तो कमी करणारे जीवाणू तर उरलेलेच नसतात. अशा वेळी ज्यांच्यासाठी सगळी सफाई केली, ते मासेच मरू शकतात.

उकळत्या पाण्यात आणखी एक धोका आहे. पुंजक्याने राहणाऱ्या, समुद्रफुलासारख्या काही प्राण्यांच्या अंगात पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते. असा जीव चिकटलेला दगड उकळला, तर ते विष वाफेबरोबर माणसाच्या श्वासात जाऊ शकते. म्हणून टाकीतला दगड कधीही उकळू नये.

ओळखण्यासाठी चार प्रश्न

अनोळखी जीव दिसला, की वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

पहिला प्रश्न : त्याचे शरीर कसे आहे? वलये आहेत का? पाय किती आहेत? कवच आहे का?

दुसरा प्रश्न : तो एका जागी चिकटलेला आहे, की हिंडतो?

तिसरा प्रश्न : तो काय खातो? शेवाळ, उरलेले अन्न, पाण्यातले बारीक कण, की दुसरा जिवंत प्राणी?

चौथा प्रश्न : तो केव्हा दिसतो? दिवसा की रात्री? आणि त्याची संख्या वाढते आहे का?

या कामासाठी महागडी साधने लागत नाहीत. एक भिंग, एक विजेरी आणि लाल जिलेटीन कागद पुरे. विजेरीच्या तोंडावर लाल कागद बांधावा. टाकीतल्या पुष्कळ जीवांना लाल प्रकाश नीट जाणवत नाही. त्यामुळे ते पळून न जाता आपले काम चालू ठेवतात आणि आपल्याला ते निवांत पाहता येतात.

चार प्रश्नांत तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. प्राणी दिसतो कसा यावरून तो वाईट ठरत नाही. तो खातो काय यावरून ठरतो.

आता काही नेहमी भेटणाऱ्या प्रवाशांची ओळख करून घेऊ. प्राण्यांचे संघ तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकता. तेच संघ येथे कामाला येतील.

वलयी प्राणी

दगडावर किंवा काचेवर पांढऱ्या रंगाची, गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली बारीक नळी दिसते. तिची रुंदी दोन-तीन मिलिमीटर असते. हिला स्पायरॉर्बिस म्हणतात. नळीच्या आत एक किडा असतो. तो आपले इवलेसे तुरे बाहेर काढून पाण्यातले कण पकडतो. तो जागा सोडून हलत नाही आणि कोणाला त्रास देत नाही. याचेच मोठे भाऊबंद म्हणजे पिसाऱ्याचे किडे. त्यांचा तुरा मोराच्या पिसाऱ्यासारखा उघडतो. काचेवर बोटाने टकटक केले, की क्षणात तो नळीत गुडूप होतो.

कधी कधी फटीतून पांढऱ्या दोऱ्यासारखे लांब धागे बाहेर पसरलेले दिसतात. हे शेवयांसारखे धागे एका मऊ किड्याचे असतात. तो स्वतः आत लपून बसतो आणि धाग्यांनी तळावरचे अन्नाचे कण गोळा करतो. तोही निरुपद्रवी आहे.

सर्वांत जास्त भीती वाटते ती केसाळ किड्याची. इंग्रजीत त्याला ब्रिसलवर्म म्हणतात. त्याचे अंग गुलाबी किंवा तपकिरी असून दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके असतात. तो रात्री बाहेर येतो. टाकीत आढळणाऱ्या अशा किड्यांपैकी बहुतेक सफाई कामगार असतात. ते माशांनी टाकलेले अन्न आणि मेलेले जीव खातात. जेथे आपला हात पोहोचत नाही, तेथली घाण ते काढतात. मात्र त्याला उघड्या हाताने धरू नये. त्याचे केस कातडीत रुततात आणि आग होते. तसे झालेच, तर चिकटपट्टी लावून हळूच उपटावी, म्हणजे केस निघून येतात. त्याला उचलायचे असेल, तर चिमटा वापरावा.

संधिपाद प्राणी

काचेवर पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना दिसले, तर ते बहुधा कोपेपॉड असतात. त्यांची लांबी एक मिलिमीटरच्या आसपास असते. समुद्रात असंख्य लहान मासे यांच्यावरच जगतात. टाकीतल्या माशांनाही हा फुकटचा ताजा खाऊ मिळतो.

त्यांच्यापेक्षा मोठे, पाच ते दहा मिलिमीटर लांबीचे, कोळंबीच्या पिल्लासारखे वाकलेले जीव म्हणजे ॲम्फिपॉड. त्यांचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते. ते शेवाळ आणि कुजके पदार्थ खातात. याउलट, वरून दाबल्यासारखा चपटा असलेला आणि माशाच्या अंगाला चिकटून बसणारा जीव दिसला, तर सावध व्हावे. तो माशाचे रक्त पिणारा परजीवी असू शकतो.

चिंबोरीच्या बाबतीत तिचे नांगे पाहावेत. पोर्सेलीन खेकडा लहान व चपटा असतो. तो तोंडाजवळचे जाळीदार पंखे हलवून पाण्यातले कण गाळून खातो. तो गरीब प्राणी आहे. मात्र अंगावर दाट केस आणि जाड नांग्यांची टोके काळी असलेला खेकडा शंख फोडणारा असू शकतो. त्याला वेगळ्या भांड्यात ठेवावे.

मृदुकाय प्राणी

गोगलगायी आणि शंख ओळखण्याची एक सोपी खूण आहे. शंखाचे तोंड पाहावे. तोंड साधे गोल असेल, तर तो बहुधा शेवाळ खाणारा असतो. तोंडाच्या एका टोकाला खाच किंवा पन्हाळी असेल, तर तो बहुधा मांसाहारी असतो. मांसाहारी शंख त्या पन्हाळीतून सोंडेसारखी नळी बाहेर काढतो आणि भक्ष्याचा वास घेतो. या खुणेला अपवाद आहेत. पण सुरुवातीला ती उपयोगी पडते.

स्टोमॅटेला नावाची एक गोगलगाय नव्या माणसाला हमखास फसवते. तिचे कवच कानाच्या आकाराचे, अंगापेक्षा लहान असते. ती वेगाने चालते. कोणी पकडू लागले, तर पालीप्रमाणे शेपटीचा तुकडा टाकून पळते. ती फक्त शेवाळ खाते. दगडाला घट्ट चिकटलेला, पाठीवर आठ पट्ट्यांचे कवच असलेला जीव म्हणजे कायटन. तोही रात्री शेवाळ खरवडून खातो.

कंटकचर्मी आणि रंध्रीय प्राणी

दगडाच्या फटीतून सापासारखे वळवळणारे, बारीक काटेरी हात बाहेर आलेले दिसले, तर तो ब्रिटल स्टार असू शकतो. लहान जातींत पुष्कळदा पाचऐवजी सहा हात असतात. असा प्राणी दोन तुकड्यांत विभागतो आणि प्रत्येक तुकड्याचा पूर्ण प्राणी होतो. तो कण आणि उरलेले अन्न खातो. काचेवर एक सेंटिमीटर आकाराचे, आखूड हातांचे तारामासेही दिसतात. त्यांचे हात कमीजास्त लांबीचे असतात, कारण तेही असेच विभागतात. बहुतेक तारामासे काचेवरचा शेवाळाचा थर खातात.

सायकॉन हे नाव तुम्ही रंध्रीय प्राण्यांत वाचले असेल. पुस्तकातला तो सायकॉन टाकीत प्रत्यक्ष भेटतो. तो लहानशा पांढऱ्या अननसासारखा दिसतो आणि वर केसांचा झुबका असतो. तो पाणी गाळतो. काही आठवड्यांनी तो पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो.

खरा गुन्हेगार कोण?

आमच्या प्रयोगशाळेतील टाकीत एकदा एक मासा मेला. सकाळी मुलांनी पाहिले, तर तीन केसाळ किडे त्याच्या अंगावर होते. एका मुलाने लगेच चिमटा उचलला.

“सर, यांनीच माशाला मारले. यांना काढून टाकू या!”

मी विचारले, “मारताना तू पाहिलेस?”

“नाही सर, पण ते त्याच्याजवळच होते.”

वर्गातील एक मुलगी म्हणाली, “सर, गावात गुरू मेले, की गिधाडे जमतात. गिधाडांनी थोडेच त्याला मारलेले असते?”

मुलांनी पाण्याची तपासणी केली. अमोनिया वाढलेला होता. मग नोंदवही उघडली. सुट्टीच्या आधी दोन वेगवेगळ्या मुलांनी माशांना एकाच दिवशी खाणे घातले होते. उरलेले खाणे तळाशी कुजले होते. मुलांनी पुढचे तीन दिवस लाल विजेरीने पाहणी केली. किड्यांनी कोणत्याही जिवंत माशाला हात लावला नाही. ते फक्त तळावरचे खाणे ओढून नेत होते. पाण्याचा काही भाग बदलला आणि खाणे अर्ध्यावर आणले. काही आठवड्यांत केसाळ किड्यांची संख्याही कमी झाली, कारण त्यांना पूर्वीसारखे खाणे मिळेना.

यातून दोन गोष्टी कळल्या. मृत देहाजवळ सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. आणि प्रवाशांची संख्या फार वाढली, तर दोष बहुधा त्यांचा नसतो. आपण खाणे जास्त घालत असतो. किडे मारले असते, तर खरे कारण तसेच राहिले असते आणि आणखी मासे मेले असते.

ज्यांना खरोखर दूर करावे

सगळेच प्रवासी निरुपद्रवी असतात, असेही नाही. एप्टेशिया हे तपकिरी, काचेसारखे दिसणारे समुद्रफूल झपाट्याने पसरते आणि शेजारच्या जीवांना डंख मारते. त्याला कापू नये. त्याचा छोटा तुकडा राहिला, तरी त्यातून नवे समुद्रफूल तयार होते. टाकीतून ‘टक् टक्’ असा आवाज येऊ लागला आणि खेकडे, शंख नाहीसे होऊ लागले, तर मँटिस श्रिंप नावाचा शिकारी आत असण्याची शक्यता आहे. आवाज करणारी एक साधी कोळंबीही असते. म्हणून येथेही आधी खातरजमा करावी.

नवा दगड आणला, की तो सरळ मुख्य टाकीत ठेवू नये. मीठ मिसळलेल्या पाण्याच्या वेगळ्या भांड्यात, हवेच्या पंपासह, तो काही दिवस ठेवावा. रोज रात्री पाहणी करावी. ज्याची ओळख पटत नाही, त्याला लगेच न मारता वेगळे ठेवावे.

टाकीची हद्द

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टाकीतला जीव टाकीत निरुपद्रवी असतो. पण तोच बाहेर सोडला, तर निरुपद्रवी राहीलच असे नाही. १९८४ साली युरोपातील मोनॅको येथे मत्स्यालयाखालच्या समुद्रात कॉलेर्पा नावाचे शोभेचे शेवाळ दिसले. पुढे ते भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. जहाजांबरोबरही असे प्रवासी येतात. अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यावरील एक लहान शिंपला १९६७ साली विशाखापट्टणम बंदरात आढळला. त्याने बोटींचे तळ आणि बंदरातील खांब झाकून टाकले. गोड्या पाण्याच्या टाकीतला सकर मासाही आपल्या राज्यात उजनीच्या जलाशयात मच्छीमारांना सापडला आहे.

म्हणून टाकीतले पाणी, दगड किंवा जीव नदीत अथवा नाल्यात टाकू नयेत. महाडच्या नाल्यात टाकलेली वस्तू सावित्रीत जाते. सावित्रीचे पाणी बाणकोटच्या खाडीत जाते. त्या खाडीवर कितीतरी मच्छीमार कुटुंबांचे पोट आहे. जुने पाणी ब्लिचिंग पावडर घालून एक दिवस ठेवावे आणि मग शोषखड्ड्यात ओतावे.

जसे टाकीतले बाहेर टाकू नये, तसे समुद्रातलेही मनाला येईल ते आत आणू नये. २००१ सालापासून सर्व खडक बांधणारे प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळाचा मेलेला तुकडा उचलणे हासुद्धा गुन्हा आहे.

यांतले पुष्कळसे जीव पाहण्यासाठी टाकीही लागत नाही. ओहोटीच्या वेळी मोठ्या माणसांबरोबर हरिहरेश्वरच्या खडकाळ किनाऱ्यावर जावे. खळग्यातल्या पाण्यात नजर स्थिर ठेवून दहा मिनिटे बसावे. एखादा दगड उलटा करून पाहिला, तर पाहून झाल्यावर तो होता तसा ठेवावा. तो उलटाच राहिला, तर त्याखाली सावलीत राहणारे जीव उन्हाने मरतात.

मराठीत एक म्हण आहे : ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.’ केसाळ, वळवळणारा किडा सफाई करतो आणि फुलासारखे सुंदर एप्टेशिया डंख मारते. म्हणून अनोळखी जीव दिसला, की प्रथम भिंग हातात घ्यावे, चिमटा नंतर.

शब्दार्थ

विनातिकीट – तिकिटाशिवाय
तपासनीस – तपासणी करणारा अधिकारी
निरुपद्रवी – त्रास न देणारा
नवशिका – नुकताच शिकू लागलेला
उगम – नदी सुरू होण्याची जागा
भरती – समुद्राचे पाणी चढणे
ओहोटी – समुद्राचे पाणी उतरणे
भिंग – वस्तू मोठी दाखवणारी काच
विजेरी – टॉर्च
परजीवी – दुसऱ्या जीवावर जगणारा
पन्हाळी – पाणी वाहण्यासारखा लांबट खोलगट भाग
नांगा – खेकड्याचा पकडण्याचा पाय

वाक्प्रचार

शिकस्त करणे – खूप प्रयत्न करणे (उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे हार, मराठीत मात्र प्रयत्नांची पराकाष्ठा. हा फरक लक्षात ठेवा.)
खातरजमा करणे – खात्री करून घेणे
गुडूप होणे – एकदम नाहीसे होणे
पोट असणे (एखाद्या गोष्टीवर) – तिच्यावर उपजीविका चालणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे किती क्षार असतात?
(आ) तारापोरवाला मत्स्यालय कोणत्या साली सुरू झाले?
(इ) सावित्री नदी कोठे उगम पावते?
(ई) विजेरीला लाल कागद का बांधावा?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) टाकीसाठी सावित्रीच्या खाडीचे पाणी चालत नाही.
(आ) टाकीतला दगड नळाखाली धुऊ नये.
(इ) एप्टेशियाला कापू नये.
(ई) किनाऱ्यावरचा दगड पाहून झाल्यावर होता तसा ठेवावा.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अनोळखी जीव ओळखण्यासाठी कोणते चार प्रश्न विचारावेत?
(आ) केसाळ किडे गुन्हेगार नव्हते, हे मुलांनी कसे सिद्ध केले?
(इ) टाकीतले जीव नदीत सोडल्यास काय होऊ शकते?

प्र. ४. जोड्या जुळवा.
‘अ’ गट : (१) स्पायरॉर्बिस (२) स्टोमॅटेला (३) सायकॉन (४) कोपेपॉड
‘ब’ गट : (क) पांढऱ्या अननसासारखा (ख) काचेवर उड्या मारणारे ठिपके (ग) वळलेली पांढरी नळी (घ) शेपटीचा तुकडा टाकून पळणारी

प्र. ५. पुढील शब्द उर्दूतही आहेत. ते मराठी वाक्यांत वापरा.
नजर, सफाई, हद्द, किनारा, कायदा

प्र. ६. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
(अ) तो दगड बाहेर काढतो. (भूतकाळ करा.)
(आ) किडा अन्न खातो. (अनेकवचन करा.)
(इ) टाकीतले पाणी नदीत टाकू नये. (प्रश्नार्थक करा.)

उपक्रम : घराजवळच्या ओल्या भिंतीवर, झाडाच्या खोडावर किंवा दगडाखाली दिसणाऱ्या एका लहान जीवाचे तीन दिवस निरीक्षण करा. त्याला हात न लावता पाठातील चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.